शिट्टी न होणारा रस्सा

हरीण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सीतेचा हट्ट, नाहीतर जंगल सफारी. ताट तर नक्कीच नाही! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हरणाची शिकार म्हणजे तुरुंगाची हवा. त्यामुळे डब्लिनमधल्या माझ्या घरमालकीण आजींनी फ्रीझरमधून किलोभर व्हेनिसन, म्हणजे चक्क हरणाचं मटण काढून माझ्यासमोर ठेवलं, तेव्हा पोटात गोळाच आला.

आजींचे यजमान विकलोच्या डोंगरात शिकारीला जायचे. रीतसर लायसन्स काढून. गेल्या वर्षी ते गेले. ही त्यांची शेवटची शिकार. आजींचे हात संधिवाताने आखडलेले. ‘मला कापवत नाही, आणि टाकवतही नाही,’ एवढंच म्हणाल्या. आता बोला!

फोनवर आईचा सूर वेगळाच. ‘अगं, बिचारं हरीण! तिथल्या कोंबड्या संपल्या का?’ मी तिला इथलं गणित समजावलं. १८६०मध्ये पॉवर्सकोर्टच्या जमीनदाराने हौसेने जपानी सिका हरणं आणली. त्यातली काही निसटली आणि डोंगरभर पसरली. आयर्लंडमधले लांडगे अठराव्या शतकातच संपलेले, म्हणजे हरणांना खाणारं कुणी नाही. ती कोवळी रोपं फस्त करतात आणि नवं जंगल वाढतच नाही. म्हणून शिकार. ‘म्हणजे आधी लांडगे मारायचे, मग त्यांचं काम आपण करायचं?’ आई म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरीही सुरी उचलली. खांद्याच्या मटणाचे दीड इंचाचे तुकडे केले. मीठ, मिरी, मैदा लावून बेकनच्या चरबीत लालसर परतले, कारण हरणाच्या अंगावर चरबी जवळपास नसतेच. मग कांदा, गाजर, गाजराचा पांढरा भाऊ पार्सनिप, थाईम आणि ठेचलेल्या सहा-सात जुनिपर बेरी. त्यांचा वास थेट जिनसारखा, कारण जिनला वास येतोच त्यांच्यामुळे. वर बाटलीभर स्टाउट, म्हणजे काळी कडसर बिअर. झाकण लावून ओव्हनमध्ये, १५० डिग्रीवर अडीच तास.

अडीच तास! माझा हात सारखा कुकर शोधत होता. पण इथे घाई चालत नाही, बॉस. मंद आचेवर खांद्यातले चिवट धागे विरघळून त्यांचं जिलेटिन होतं आणि रस्सा दाट होतो. घाई केली तर चामडं चावत बसा! शेवटी कडवटपणा मारायला चमचाभर रेडकरंट जेली. आपण आमटीत गूळ घालतो ना, तस्संच.

त्या अडीच तासांत आजी पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बोलल्या. पहाटे चारला निघायचे म्हणे, आणि बरेचदा रिकाम्या हाताने यायचे. अशा दिवशी उलट जास्त खुशीत असायचे!

कुस्करलेल्या बटाट्यावर स्ट्यू वाढला. आजींनी एक घास खाल्ला, थांबल्या. ‘तो जुनिपर जास्त घालायचा,’ म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. मीही खाल्लं. बोकडाच्या मटणापेक्षा गडद, किंचित लोखंडासारखी चव. आईचा प्रश्न घासागणिक सोबत होताच, पण ताटात मी काही टाकलं नाही.

भांडी आवरताना रिकामी पिशवी कचऱ्यात टाकायला गेले, तर आजींनी थांबवलं. तिच्यावर त्यांच्या अक्षरात तारीख होती. आजींनी ते लेबल अलगद सोललं आणि चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.