पोकळ वासा

‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण आपण कुणाला तरी हिणविण्यासाठीच वापरतो. पोकळ म्हटले की खोटे, निःसत्त्व, दिखाऊ असाच अर्थ मनात येतो. प्रवचनातही मी हा शब्द कितीदा तरी त्याच अर्थाने उच्चारला आहे. दोन गिटारींनी तो मला नव्याने शिकविला; परंतु त्या शिक्षणाची किंमत एका सज्जन माणसाने मोजली.

पवनेपलीकडच्या पिंपरी-चिंचवडमधील कारखान्यांच्या आधाराने काळेवाडीत आमची अनेक कुटुंबे स्थिरावली. कुणी नगर जिल्ह्यातून आले, कुणी मराठवाड्यातून, तर कुणी केरळ-तमिळनाडूतून. गायनवृंदातही हे सारे एकत्र येतात. नगरकडील मंडळींची पेटी आणि ढोलकी, आणि त्यांच्या जोडीला दोन इलेक्ट्रिक गिटारी.

पहिली गिटार टूलरूममधून निवृत्त झालेल्या एका कामगाराची. लहानथोर सारेच त्यांना मामा म्हणतात. त्यांची गिटार एपिफोन कसिनो, तपकिरी-पिवळ्या छटेची, हात लागून लागून कडा उजळलेली. दुसरी चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाची, गिब्सनच्या ईएस-335 ह्या घाटाची, पिकल्या चेरीसारखी लालभडक. अजाण नजरेला ह्या दोघी जुळ्या बहिणीच. खांद्याशी तशीच दोन गोलाकार शिंगे, पोटावर इंग्रजी एफ अक्षरासारखी तशीच दोन छिद्रे. मला मात्र लाल गिटारच अधिक भावली. वेदीजवळच्या दिव्यांत ती झळकायची.

त्या वर्षी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत ग्लोरिया सुरू झाला. उत्साहाच्या भरात सर्वांचे आवाज चढले, वाद्यांचेही चढले. एकाएकी मामांची गिटार घुमू लागली, आणि पाहता पाहता त्या घुमण्याची किंकाळी झाली. भाविक माना वळवून पाहू लागले. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीत, गायनवृंदातील मुलांच्या देखत मी म्हणालो, “मामा, पुढच्या वेळेपासून ही गिटार नको. उपासनेला शोभत नाही.” एवढ्यावर न थांबता मी द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाचा हवाला दिला. त्याच्या 120 व्या कलमात पाइप ऑर्गनचा गौरव आहे, आणि मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशी, भाविकांची श्रद्धा वाढविणारी इतर वाद्येही स्वीकारता येतात असे म्हटले आहे. दार उघडणारे ते कलम मी दार लावण्यासाठी वापरले.

मामा “बरं, फादर,” एवढेच म्हणाले. पुढे ते मिस्सेला नियमित येत राहिले, पण शेवटच्या बाकावर बसू लागले.

प्रायश्चित्तकाळात एका आजारी आजीबाईंना कम्युनियन द्यायला मी गेलो होतो. एका खोलीचे घर. वीज गेलेली. दाराशी पोहोचलो तोच आतून हलके सूर ऐकू आले. खाटेजवळच्या स्टुलावर बसून मामा वाजवीत होते. ना वायर, ना अॅम्प्लिफायर. तरी ती लहानशी खोली सुराने भरली होती. आजी डोळे मिटून ओठ हलवीत होत्या. मी उंबऱ्यातच थबकलो. गीत संपेपर्यंत आत जाण्याचा धीर मला झाला नाही.

त्या आठवड्यात मी त्या तरुणाला दोन्ही गिटारींतला भेद विचारला. तो मला मामांच्या घरी घेऊन गेला, आणि आपली गिटारही त्याने सोबत आणली. मामांच्या गिटारीच्या एका छिद्रात त्याने टॉर्च धरला. उजेड दुसऱ्या छिद्रातून बाहेर आला. लाल गिटारीत मात्र उजेड मध्येच अडला. तिच्या अंगात आरपार लाकडाचा ठोकळा बसविलेला असतो.

“फादर, 1958 मध्ये गिब्सनने हा ठोकळा घालून 335 काढली,” तो म्हणाला. “लाउडस्पीकरचा आवाज गिटारीच्या अंगावर आदळतो, अंग थरथरते, तारा पुन्हा हलतात आणि तोच आवाज वाढत जातो. ठोकळ्यामुळे हे कमी होते, सूरही अधिक काळ टिकतो. 1961 मधली कसिनो पूर्ण पोकळ. ती सगळेच ऐकते, म्हणून लवकर ओरडते.”

मामा हसून म्हणाले, “पण तिच्यासारखा लाकडाचा कोरडा, मोकळा आवाज लाल गिटारीत नाही. बीटल्समधल्या तिघांकडे हीच होती. जॉन लेननने तर 1968 मध्ये तिचे पॉलिशसुद्धा खरवडून काढले.”

दोघांनी दोन्ही गिटारी वायरीविना वाजवून दाखविल्या. लाल गिटारीचा सूर जाडसर, पण जवळच विरणारा. तिला विजेचा आधार हवा. जुनीचा सूर दारापर्यंत गेला. वीज जोडल्यावर पारडे फिरले: लाल स्थिर राहिली, जुनी घुमू लागली. मामांनी लाउडस्पीकरचे तोंड दुसरीकडे वळविले, आवाज कमी केला. घुमणे थांबले. दोष गिटारीचा नव्हता. तिच्या पुढ्यात ठेवलेल्या गोंगाटाचा होता, आणि नाताळच्या रात्री तो गोंगाट आम्ही सर्वांनी मिळून केला होता.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे संत पौल सांगतो. सेमिनरीत ह्या वचनावर मी निबंध लिहिला होता. रिक्त होणे म्हणजे दुसऱ्याच्या हाकेला आपल्या अंगी जागा ठेवणे, हे मात्र त्या उजेडामुळे उमगले. माझ्या आत त्या नाताळच्या रात्री ठोकळाच बसलेला होता.

दुसऱ्या सरावाला, ज्या मुलांच्या देखत बोललो होतो त्यांच्याच देखत मी मामांची क्षमा मागितली. ते गडबडले. म्हणाले, “फादर, आवाज मीच जास्त ठेवला होता.” तो तरुण पटकन म्हणाला, “मीही, मामा.”

पास्काच्या रात्री ग्लोरियाला लाल गिटार निःशंक गाजली. कम्युनियनच्या वेळी आम्ही सारे आवाज उतरविले, पेटीही हळू झाली, आणि मामांची गिटार एकटी वाजली. आजीबाईंना त्यांच्या मुलाने रिक्षातून आणले होते. मागल्या बाकावरून त्यांना ती ऐकू आली का, हे मी मिस्सेनंतर विचारले. त्या म्हणाल्या, “आली ना, फादर. सगळे गप्प होते की!”