गिरडची वाट आणि पाठीवरचं ओझं

अब्बांची मन्नत होती, बरा झालो की गिरडला पायी जाईन. ते बरे झाले नाहीत. म्हणून मागच्या हिवाळ्यात मीच हिंगणघाटहून निघालो आणि समुद्रपूरला गुडघा धरून बसलो. तिथून परतीची एस.टी. पकडली. घरी आल्यावर सॅक किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर १४.५ किलो भरली. माझं स्वतःचं वजन ६२. पायी फिरणारे लोक अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याला हद्द मानतात, हे मला नंतर कळलं.

यंदा भाची सोबत निघाली. तिने सगळं सामान सतरंजीवर मांडलं आणि एकेक वस्तू तोलली. रिकामी सॅकच २.३ किलो! तिच्या जागी कॉलेजची जुनी बॅग आली. तंबू घरीच राहिला. वाटेत गावं आहेत, शाळेचा व्हरांडा मिळतो. पाणी मी ३ लिटर नेलं होतं, म्हणजे ३ किलो. वाटेवर हापशा असताना एक बाटली पुरते. जीन्सच्या दोन पँटींऐवजी एक लुंगी घेतली. टॉवेल तीच, जानमाज तीच. लांबच्या प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. मुसाफिराचं ओझं कमी करावं हे आपल्याला नवं नाही. सामान भरताना मात्र ते आठवत नाही. मी तर दोन टॉर्च घेतले होते.

मग अब्बांची सोलापुरी चादर निघाली. १ किलो ६०० ग्रॅम.

"मामू, ही?"

मला बोलता येईना. तिने स्वतःचं पांघरूण बाहेर काढलं आणि चादर आपल्या बॅगेत घातली. माझी बॅग ५ किलोंवर आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडी चढलो. शेख ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. टेकडीवर जायफळाएवढे गोल खडे सापडतात. काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट साचतं; खडक झिजला की ते गोळे सुटे होतात. लोक वेगळं सांगतात, आणि १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्येही ते आलंय. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, त्यांच्या मालाचे दगड झाले. माफी मागितल्यावर बाबांनी वाळलेल्या पानांपासून नवा माल करून दिला. ते दोघे मग मरेपर्यंत बाबांच्या खिदमतीत राहिले. लहानपणी मला यातले दगडच आवडायचे. यंदा पानं आवडली.

चादर घालायला आम्ही काही नेलं नव्हतं. फातेहा पढलो. बाहेर आल्यावर भाचीने एक खडा उचलून तळहातावर झेलला.

"मामू, घेऊ?"

"किती ग्रॅम?"

ती हसली आणि खडा होता तिथे ठेवून दिला.