मागें उरतें तें

इ. स. पूर्वी ३५३ सालीं हॅलिकार्नाससचा राजा मॉसोलस निवर्तला. त्याची राणी आर्टेमिसिया हिनें पतीच्या समाधिमंदिराचें काम चालविलें. परंतु दोनच वर्षांत तीहि गेली आणि कारागिरांनीं पुढें तें पुरें केलें. पाश्चात्त्य भाषांत भव्य समाधीला ‘मॉसोलियम’ म्हणतात, तें ह्याच राजाच्या नांवावरून.

तुर्कस्तानांतील समुद्रकांठचें बोद्रुम तें हेंच नगर. ह्यांच्या मोठ्या दुखण्यानंतर, सासूबाईंच्याच आग्रहावरून, आम्ही उभयतां तेथें दोन दिवस राहिलों. सप्ताश्चर्यांत गणलेली ती वास्तु भूकंपांनीं ढासळली. तिचे दगड ख्रिस्ती सरदारांनीं बंदरावरील किल्ल्यांत बसविले, आणि १८५७ सालच्या सुमारास उत्खननांत सांपडलेल्या मूर्ति लंडनला गेल्या. मूळ जागीं एक खळगा व स्तंभांचे कांहीं तुकडे आहेत.

तेथें उभे राहून हे म्हणाले, “माझ्यामागें असें कांहीं बांधूं नकोस हो!” मला हंसूं आलें नाहीं. भरल्या घरांत दोघांच्या बोलण्याला पंचवीस वर्षें सवडच मिळाली नव्हती. त्या सायंकाळीं बंदरांत दिवे लागेपर्यंत आम्ही बोलत बसलों. राणीनें स्मारकाला दिलेलीं दोन वर्षें राजाच्या पश्चात् होतीं. आम्हांला मिळालेला काळ अजून दोघांचा आहे. तो घरींहि राखावयाचा, असें ठरलें.