शाळेची पारख

मुलास कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा उभा राहतोच. परंतु चांगली शाळा म्हणजे काय, याचा निवाडा आपण कोणत्या मापाने करतो, याचा विचार क्वचितच होतो. आमचा पुतण्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील राले शहराजवळ सहकुटुंब राहतो. त्याची कन्या सहावीत जावयाची होती, त्या निमित्ताने हा विचार आम्हांस करावा लागला.

तेथे सरकारी शाळा बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. काही शाळांस मात्र 'मॅग्नेट' म्हणतात. लोहचुंबकाप्रमाणे त्या दूरच्या वस्त्यांतील मुले ओढून घेतात. राले ज्या वेक काउंटीत आहे, तेथे ही योजना १९८२ साली सुरू झाली. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांनी सक्तीने नव्हे, तर विषयांच्या आवडीने एकत्र शिकावे, हा तिचा एक मुख्य हेतू. लिगन ही शाळा १९५३ साली कृष्णवर्णीयांचे हायस्कूल म्हणून निघाली. आज तीच सहावी ते आठवीची मॅग्नेट शाळा असून संगीत, नृत्य, नाट्य असे नाना ऐच्छिक विषय तेथे आहेत. सेंटेनियल कॅम्पस ही दुसरी शाळा राज्य विद्यापीठाच्या आवारातच आहे. फी नाही, अर्ज करावयाचा, आणि जागांहून अर्ज अधिक झाल्यास ठरलेल्या प्राधान्यक्रमाने व सोडतीने निवड व्हावयाची.

पुतण्याने आम्हांस सरकारी श्रेणींचा तक्ता धाडला. हे राज्य २०१५ पासून शाळांस 'ए' ते 'एफ' अशा श्रेणी जाहीर करीत आले आहे. अशा शाळांच्या श्रेणीत ८० टक्के भार परीक्षेतील यशाचा आणि २० टक्के मुलांनी वर्षभरात केलेल्या प्रगतीचा. आता वाचकांनीच पाहावे. ज्या घरात ग्रंथ आहेत, शिकविणारे आईबाप आहेत, तेथील मूल बहुधा कोठेही गुण मिळवील. मग त्या श्रेणीत शाळेचे कर्तृत्व किती, आणि घरच्या सुस्थितीचे किती? शिक्षकांचे श्रम त्या २० टक्क्यांतच अधिक दिसतात, आणि प्रगतीचा तो निर्णय राज्य स्वतंत्रपणेही प्रसिद्ध करते.

मुलीचा जीव व्हायोलिनमध्ये. तिला लिगन हवी होती. सूनबाईंनी शंका काढली, "काका, तिथं आपल्यासारख्या घरांतली मुलं थोडी असतील." आम्ही कळविले, "सूनबाई, निरनिराळ्या घरांतली मुले एकत्र यावीत, म्हणूनच ती शाळा चुंबक झाली. प्रवास किती वेळाचा, ते अवश्य पाहा. अकरा वर्षांच्या पोरीस रोज पहाटे उठावे लागणे ही खरी अडचण. शेजारी कोण बसेल, ही नव्हे." अखेर लिगनचेच नाव अर्जात पहिले गेले, पुढे सोडतीच्या हाती.

ही शंका एकट्या सूनबाईंची नव्हे. 'आपल्यातली मुले किती?' हा प्रश्न पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही विचारला जातो. मात्र दर्जाच्या नावाखाली. विद्या उत्तम मिळावी, ही इच्छा योग्यच. पण ज्यांच्यासह पुढे जन्मभर वागावयाचे, त्यांची ओळख शाळेत व्हावयाची नाही, तर कोठे?