चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘आर/ओ कॉक्स’

‘एक्स-रे चेस्ट एपी, आर/ओ कॉक्स’. प्रताप नगरच्या एका दवाखान्यातून ही चिठ्ठी घेऊन मी बाहेर आले. लेक दोन वर्षांची. खोकला दोन आठवडे उलटूनही हटत नव्हता, संध्याकाळी अंग तापायचं, वजन जिथल्या तिथे. डॉक्टरांनी लिहून दिलं आणि पुढचा पेशंट आत गेला.

औषधाच्या दुकानातले भाऊ आवाज खाली करून म्हणाले, “ताई, कॉक्स म्हणजे टीबी.” माझे हातपाय गार पडले. “आपल्या घरात असं कोणालाच नव्हतं,” म्हणत सासूबाई रडायलाच लागल्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला, म्हणून डॉक्टर लोक त्यांचं नाव लिहितात. पेशंट घाबरू नये हा हेतू असेलही. पण आईपासून आजाराचं नाव झाकणं मला पटत नाही.

खरं समजावलं ते एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी. “आर/ओ म्हणजे हा आजार नाही ना, एवढं बघून घ्या. ही शंका आहे, निदान नाही.” त्या एका वाक्यानं जिवात जीव आला. लेकीच्या गळ्यातला काळा दोरा आणि ताईत त्यांनी काढायला लावला. “तुम्हाला दिवस तर नाहीत ना?” असं विचारून मला शिशाचा जड एप्रन घातला, कारण पोरीचे हात मलाच धरायचे होते. एपी म्हणजे किरण पुढून येतात, पाठीमागे प्लेट असते. मोठ्या माणसाचा बहुधा उलटा, पीए काढतात. एपीमध्ये हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, म्हणून तेवढ्यावरून घाबरायचं नाही. “श्वास रोखून धर” हे तिला कसं कळणार? ती भोकाड पसरायची. मध्येच तिनं खोल श्वास ओढला आणि ताईंनी नेमकं तेव्हा बटण दाबलं. किरणांचं विचारलं, तर अशा एका फोटोत लागतात तेवढे किरण निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतातच.

फिल्मवर हृदयाच्या वर एक रुंद पांढरी सावली होती. माझी नजर तिच्यावरच खिळली. डॉक्टर म्हणाले, ती थायमस ग्रंथी. या वयात असतेच, पुढे आकसते. फुप्फुसं साफ होती. नुसत्या फोटोवर टीबी ठरत नाही, म्हणून हातावर मॅन्टूची सुईही दिली आणि ४८ ते ७२ तासांत येऊन दाखवायला सांगितलं. सूज आली नाही. खोकला पुढे हळूहळू गेला.

आयांनो, चिठ्ठी हातात पडली की खुर्चीवरून उठण्याआधी विचारा: शंका कशाची आहे? आणि उत्तर टीबी आलं तरी पोराला लपवू नका. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळतात.