बिबवेवाडीच्या लेकीसाठी सागवान

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवून आपण बिबवेवाडीला लेकीकडे मुक्कामाला गेलात आणि तिला घरीच पलंग करून द्यावा असे मनात आले, तर घाई करू नका. बिबवेवाडी यार्डाच्या दक्षिणेला, तर लाकडाचा जुना बाजार, म्हणजे भवानी पेठेतले टिंबर मार्केट, उत्तरेला. ओळखीचा सुतार बरोबर घेऊनच तिकडे जा.

सागाची फळी उलटसुलट करून पाहा. तपकिरी भाग तो गाभा, टिकतो तोच. कडेच्या फिकट लाकडाला वाळवी आधी गाठते. ओले लाकूड पुढे आकसते, तडकते. म्हणून वाळलेलेच घ्या. हिशेब घनफुटाचा असतो. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत धरून गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ६ फूट लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट.

आपल्याच बांधावर साग उभा आहे? तरी परस्पर कुऱ्हाड लावू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी काढावी लागते. नाहीतर पलंग राहील बाजूला, आणि लेकीच्या घराऐवजी कचेरीचे हेलपाटे नशिबी येतील!