मनगटावरचे ओझे
प्रवासाची दैनंदिनी : लेखांक दुसरा

बुलढाणा, ४ जानेवारी

या जिल्ह्यातील माणूस आपले गाव सांगताना बहुधा तालुक्याच्याही आधी ते घाटावरचे की घाटाखालचे हे सांगतो. आणि आज पहाटे मोताळा सोडून, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या सपाट शिवारांकडे पाठ करून, राजूर घाटाची वळणे चढत दुपारी या गावात पाऊल ठेवले, तेव्हा त्या भेदाचा अर्थ पोटऱ्यांनी मला पुरेपूर समजावून दिला होता. बरोबर माझा भाचा आहे. नुकतीच अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीवर रुजू होण्यापूर्वीचे मोकळे दिवस त्याने या पायी प्रवासाला देऊ केले, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच्या मनगटावर एक भरभक्कम घड्याळ आहे. घाट चढताना ते त्याने तीनदा एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतले, आणि चौथ्यांदा काढून सदऱ्याच्या खिशात टाकले.

“मामा, ह्यात सगळंच आहे. उंची, हवेचा दाब, दिशा, नाडी, शिवाय उपग्रहावरून चाललेल्या वाटेचा नकाशा,” तो म्हणाला, आणि ते खरेच होते.

संध्याकाळी बाजारपेठेतून फिरताना एका सराफाने मोठ्या सौजन्याने आमची दोन्ही घड्याळे आपल्या काट्यावर ठेवू दिली. भाच्याचे भरले ९२ ग्रॅम. माझे, म्हणजे १९८९ पासून जवळजवळ त्याच रूपात निघत असलेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे आकड्यांचे साधे घड्याळ, भरले २१ ग्रॅम. पाठीवरच्या पिशवीत ७१ ग्रॅमांचा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण हात हा चालणाऱ्या माणसाचा लंबक आहे, आणि लंबकाच्या टोकाशी बांधलेल्या वजनाचा हिशेब निराळा असतो. मध्यम उंचीच्या माणसाचे पाऊल सुमारे ७० सेंटिमीटर धरले, तर २० किलोमीटरच्या मजलीत २८ हजारांहून अधिक पावले पडतात, आणि प्रत्येक हात १४ हजार वेळा पुढे जाऊन मागे येतो. त्यात चढणीचा घाम, रुंद पट्ट्याखाली कोंडलेली ओल आणि मनगट वाकवताना हाडावर रुतणारी कडा यांची भर पडते. पायी प्रवासासाठी घड्याळ घेऊ पाहणाऱ्याने दुकानदाराकडे पहिली चौकशी वजनाची करावी, आणि गुणांची यादी त्यानंतर ऐकावी, असे माझे ठाम मत आहे.

बुलढाणा, ५ जानेवारी

आज मुक्काम हलवला नाही. सकाळी दहा वाजता भाच्याने घड्याळातील उंचीचा आकडा वहीत टिपला, आणि आम्ही त्याच ओसरीवर दिवसभर वाचीत, लिहीत, कपडे वाळवीत बसलो. दुपारी चार वाजता पाहतो तो घड्याळाच्या मते आम्ही वीसपंचवीस मीटर वर चढलो होतो! त्याला वाटले, यंत्र बिघडले. वास्तविक यंत्र अगदी नीट होते. असे घड्याळ उंची मोजीतच नाही; ते हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचे अनुमान करते. या अक्षांशावर हवेच्या दाबाला दररोजची एक भरती-ओहोटी असते : सूर्याच्या उष्णतेने सगळे वातावरण दिवसातून दोनदा हेलावते, सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा फरक उष्ण कटिबंधात दोन-तीन हेक्टोपास्कल सहज भरतो. या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ९ मीटर. हिमालयात, जिथे एका दिवसात हजार मीटर चढायचे असते, तिथे ही चूक पोटात घालता येते. आमच्या घाटावरच्या पठारावर मात्र टेकडीचा चढच मुळी पन्नास-साठ मीटरांचा, तेव्हा निम्मा आकडा हवेचा आणि निम्मा जमिनीचा अशी गत होते. ज्या गावाची उंची ठाऊक असेल तिथे दर सकाळी आकडा जुळवून घेतला तर हे साधन उपयोगी पडेल. पण या मुलखात त्यासाठी मनगटावर भार वागवावा असे मला वाटत नाही.

भाच्याने शांतपणे सारे ऐकून घेतले, आणि रात्री वहीत दर दोन तासांचा दाब मांडण्यासाठी रकाने आखले. हा स्वभाव मला आवडतो.

गावाला लागूनच ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला टी१सी१ हा तरुण वाघ शेकडो किलोमीटर शेताशिवारांतून आणि रस्ते ओलांडीत २०१९ च्या अखेरीस याच रानात येऊन थांबला होता. अभयारण्यात मनास येईल तसे पायी हिंडण्याची मुभा नसते, आणि ते योग्यच आहे. आम्ही कडेच्या रस्त्यावरूनच काय ते पाहिले. एक गोष्ट मात्र नमूद करतो. तासातासाला वाजणारा सूचक स्वर रानात पाऊल टाकण्यापूर्वी बंद करावा. हरणाचा कळप पाहत उभे असता मनगटातून उठणारी ती किणकिण म्हणजे यजमानाच्या घरात केलेला आगाऊपणा होय.

मेहकर, ८ जानेवारी

चिखलीवरून दोन मुक्काम करीत पैनगंगेच्या काठी पोचलो. दोन्ही बाजूंना तुरीचे आणि हरभऱ्याचे शिवार, वेचणी उरकलेली कपाशी, आणि दुपारच्या भाकरीला हिरव्या मिरचीचा ठेचा. भाच्याच्या घड्याळाने दुसऱ्या संध्याकाळीच मान टाकली, कारण वाटेचा नकाशा सतत नोंदवीत राहिले की त्याची वीज झपाट्याने खर्ची पडते. आणि ज्या ओसरीवर आम्ही उतरलो होतो तिथे रात्री वीज नव्हती. माझ्या घड्याळातील बटणाएवढा विद्युतघट सुमारे सात वर्षे पुरतो. शारंगधर बालाजीची १८८८ साली भूगर्भातून निघालेली काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती डोळे भरून पाहिली, आणि आज एवढेच पुरे.

लोणार, १० जानेवारी

उल्कापाताने काळ्या कातळात पडलेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर काठावरून पाहताना घड्याळाविषयी लिहावे हे काहींना विसंगत वाटेल. परंतु काळाच्या मोजणीचा विचार मनात यावा अशी याहून योग्य जागा मला ठाऊक नाही. या विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानीत. पुढे अधिक सूक्ष्म पद्धतीने केलेल्या गणनेत ते सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षांवर गेले. गोमुखाच्या धारेखाली हात धुऊन आम्ही काठावर एक सरळ काठी रोवली आणि तिच्या सावलीवर लक्ष ठेवून बसलो. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखूड होतच होती. ती सर्वांत आखूड झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

कारण उघड आहे. १ जानेवारी १९०६ पासून अमलात आलेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि लोणार सुमारे ७६.५ अंशांवर, सहा अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे २४ मिनिटे. आपल्या पूर्वजांचे घटिकापात्र पाण्यात बुडायला जेवढा अवधी घेई, तेवढी नेमकी एक घटका! उरलेली सात मिनिटे पृथ्वीच्या कक्षेची आणि तिच्या अक्षाच्या कलण्याची. ती ऋतूप्रमाणे बदलतात.

याचा वाटसरूला प्रत्यक्ष उपयोग आहे. तासाचा काटा सूर्याकडे धरला असता तो काटा आणि बाराचा आकडा यांमधील दुभाजक दक्षिण दाखवतो, हा पाठ अनेकांना ठाऊक असतो. पण आज मध्यान्ही त्या रीतीने काढलेली दक्षिण सात-आठ अंश पूर्वेकडे सरकलेली होती. काटा मनातल्या मनात अर्धा तास मागे घेतला, तेव्हा ती जागेवर आली. आकड्यांचे घड्याळ असेल तर तबकडी मातीत रेखावी. काम तेवढेच चोख होते. मे महिन्यात मात्र या रीतीवर विसंबू नये, कारण तिसऱ्या आठवड्यात सूर्य येथे दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि त्याला दिशाच उरत नाही. भाच्याच्या घड्याळातील होकायंत्रही आम्ही पडताळले. त्याने उत्तर बरोबर दाखवली. तरी येथील कातळात चुंबकीय लोहखनिज असते, म्हणून खडकावर हात टेकवून दिशा पाहू नये, उभे राहून पाहावी.

सिंदखेडराजा, १२ जानेवारी

आज जिजाऊंचा जन्मोत्सव. लखुजीराव जाधवांच्या वाड्याकडे जाणारा रस्ता पहाटेपासून माणसांनी फुलला आहे, आणि त्यांतले कितीतरी आमच्यासारखे चालत आलेले. मोती तलावाच्या बांधावर एक वृद्ध शेतकरी शेजारी बसले. मनगटावर एचएमटीचे किल्लीचे घड्याळ होते, कापडी पट्ट्याचे. बंगळूरच्या त्या सरकारी कारखान्याची घड्याळे १९६१ पासून देशभर गेली, आणि २०१६ साली घड्याळांचे उत्पादन बंद झाले. त्या पिढीच्या मनगटांवर ती अजून चालू आहेत. भाच्याने विचारले, “बाबा, वारीत हेच घालता?”

“हेच. सकाळी तोंड धुतलं की किल्ली द्यायची. शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा महिनाभर चालायचं असतं, बाप्पा. दिवस किती उरला एवढं कळलं म्हणजे झालं.”

दिवस किती उरला! पदयात्रिकाला घड्याळाने सांगावयाचे ते मुख्यतः हेच. जानेवारीत या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुक्कामाचे अंतर आणि तासाला चार किलोमीटरची चाल मांडली, की कुठल्या फाट्यावरून पुढे जायचे आणि कुठे थांबायचे हे तिथल्या तिथे ठरते. किल्लीच्या घड्याळाला पोलादी कवचाचे वजन असते आणि पाण्याची भीती असते. माझ्या हलक्या घड्याळाचा दिवा इतका क्षीण आहे की अंधारात वेळ पाहायला पुष्कळदा विजेरीच काढावी लागते, आणि त्याचा राळेचा पट्टा वर्षानुवर्षांच्या उन्हाने तडकतो. हे दोष पत्करूनही मी तेच घालीन, आणि त्याला कापडी पट्टा लावीन.

भाच्याने आपले मोठे घड्याळ पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवले आहे : चाललेल्या वाटेची नोंद ते तिथूनही करते, आणि दाबाच्या रकान्यांसाठी दर दोन तासांनी बाहेर येते. मनगटासाठी त्याने येथल्याच बाजारात आकड्यांचे एक हलके घड्याळ घेतले. परवा आम्ही घाट उतरून जळगाव जामोदमार्गे सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ. तिथे चढ मोठे आहेत, आणि दाबावरून काढलेल्या उंचीची खरी परीक्षा तिथेच घेता येईल.